‘चालते ना? मग हात लावू नका!’

वार्षिकाच्या पानांवर कविता असाव्यात, एखादे प्रवासवर्णन असावे, दोन-तीन कथा असाव्यात आणि शेवटी विविध मंडळांचे अहवाल असावेत, हा शिरस्ता मला ठाऊक आहे. त्यात संगणकाच्या स्क्रिप्टांची साफसफाई या विषयावर कला शाखेच्या विद्यार्थ्याने लेख लिहिणे म्हणजे संगीत नाटक रंगात आले असताना कुणी उठून विजेचे बिल वाचून दाखवण्यासारखे आहे, असे काहींना वाटेल. वाटो बापडे! ज्या प्रकल्पामुळे याच वार्षिकाचे जुने अंक उद्या आपल्याला घरबसल्या चाळता येणार आहेत, तो प्रकल्प कुठे अडला आहे हे याच अंकात नाही सांगायचे, तर कुठे सांगायचे?

स्क्रिप्ट म्हटले की आपल्या नाट्यमंडळाला संहिता आठवते. इथली स्क्रिप्ट निराळी; पण अगदीच परकी नव्हे. नाटकात रंगमंचावर जे दिसते त्याखेरीज विंगेत एक वही असते. तिसरी घंटा केव्हा द्यायची, कोणत्या वाक्याला प्रकाश मंद करायचा, दुसऱ्या अंकात टेबलावर कोणकोणते सामान हवे, हे त्या वहीत लिहिलेले असते. प्रेक्षकाला ती वही कधी दिसत नाही, परंतु ती हरवली तर प्रयोगाचे काही खरे नसते. सॉफ्टवेअरच्या प्रकल्पातही वापरणाऱ्याला दिसणारी आज्ञावली वेगळी, आणि ती बांधणाऱ्यांनी स्वतःच्या सोयीसाठी लिहिलेल्या लहान लहान स्क्रिप्टा वेगळ्या. नव्या यंत्रावर सगळी मांडामांड करणे, मजकूर एका रूपातून दुसऱ्या रूपात नेणे, तपासण्या चालवणे, संकेतस्थळ बांधणे, कामाची एक प्रत सुरक्षित ठेवणे; या प्रत्येक कामासाठी ज्या दहा-वीस आज्ञा रोज हाताने टंकाव्या लागतात, त्या एका फायलीत एकाखाली एक लिहून ठेवल्या की झाली स्क्रिप्ट.

आमचा गट सहा जणांचा. ग्रंथालयाच्या कपाटातले मागचे अंक काढायचे, त्यांतला मजकूर युनिकोडमध्ये आणायचा आणि लेखकाचे नाव, वर्ष किंवा एखादा शब्द दिला की नेमके पान सापडावे अशी सोय करायची, एवढाच उद्देश. काम सुरू करणारे विद्यार्थी केव्हाच पदवी घेऊन गेले; त्यांच्यामागून आलेलेही गेले; सध्याची आमची तिसरी पिढी. वारशात आम्हांला ‘साधने’ नावाचा एक फोल्डर मिळाला. त्यात १७ स्क्रिप्टा आहेत. ‘चालवा’, ‘चालवा-२’, ‘नवीन-चालवा’, ‘फायनल’, ‘फायनल-खरे’ अशी त्यांची नावे वाचली की जुन्या वाड्याच्या माळ्यावर चढल्यासारखे वाटते. कोणते पातेले अजून लग्नकार्याला लागते आणि कोणत्याला भोक पडून तीस वर्षे झाली, हे फक्त आजीला माहीत!

खरी अडचण येते ती क्रमाची. ‘चालवा-२’च्या आधी ‘फायनल’ चालवायची असते. ‘फायनल-खरे’ ही फक्त संगणकावर जुळणी झालेल्या अंकांसाठी आहे. ‘नवीन-चालवा’मधील सातव्या ओळीत ज्याने-त्याने आपापल्या फोल्डरचे नाव घालायचे असते. हे कुठे लिहून ठेवले आहे? कुठेही नाही. प्रथम वर्षाच्या कुणी विचारले की उत्तर मिळते, ‘‘मला विचार, मी सांगतो.’’ उत्तर देणाऱ्याच्या चांगुलपणाविषयी मला तिळमात्र शंका नाही. रात्री अकराला फोन केला तरी तो सांगतो. पण एप्रिलमध्ये त्याची परीक्षा आहे, जूनमध्ये तो नोकरीला लागेल, आणि मग सगळ्या प्रकल्पाची किल्ली एका माणसाच्या खिशातून परगावी जाईल. हे दोनदा घडून गेलेले आहे.

याची किंमत काय पडते, ते सांगतो. गेल्या वर्षी प्रथम वर्षाच्या दोन विद्यार्थिनी आमच्याकडे आल्या. सलग तीन शनिवार त्या आल्या आणि तिन्ही शनिवार आपापल्या लॅपटॉपवर ही मांडामांड करण्यातच गेले. एकदा एक फाइल सापडेना, एकदा भलत्याच क्रमाने स्क्रिप्ट चालवली गेली, एकदा सांगणारा गैरहजर. चौथ्या शनिवारी त्या आल्या नाहीत. दोघींचे मराठी उत्तम; मुद्रितशोधनाला लागणारी तशी नजर आमच्या गटात आज कुणाकडेही नाही. त्यांना संगणक जमला नाही, असे गटात म्हटले गेले. मला हे मान्य नाही. त्यांच्यासाठी दार कुठे आहे हेच कुणी दाखवले नव्हते.

आता मुख्य आक्षेपाकडे वळू. साफसफाईचा विषय काढला की एक वाक्य हटकून कानी येते; तेच मी या लेखाला शीर्षक म्हणून दिले आहे. ‘चालते ना? मग हात लावू नका!’ हे वाक्य आळशी माणसाचे आहे असे समजण्याचे कारण नाही. हात पोळलेला माणूसही हेच म्हणतो. तेव्हा त्याचा विचार नीट करायला हवा.

पहिला प्रश्न असा, की चालते म्हणजे कोणाच्या यंत्रावर चालते? आमच्या गटात तीन प्रकारची यंत्रे आहेत. मजकुरातले शब्द बदलण्यासाठी ‘सेड’ नावाची एक जुनी आज्ञा आहे. लिनक्सवरच्या सेडला ‘जागच्या जागी बदल कर’ असे सांगितले की ती मुकाट्याने बदल करते. मॅकवरची सेड त्याच सांगण्याचा अर्थ निराळा लावते. ‘जुनी प्रत ठेवायची झाल्यास तिच्या नावाला शेपूट कोणते लावू?’ अशी तिची अपेक्षा असते, आणि आपण ते सांगितले नाही तर पुढे लिहिलेला शब्दच ती शेपूट म्हणून घेते. मग जी फाइल बदलायची तिचे नाव तिला आज्ञा वाटते आणि ती तक्रार करू लागते. विंडोजची तऱ्हा आणखी वेगळी. तिथे ओळीच्या शेवटी दोन अदृश्य चिन्हे असतात, युनिक्सच्या परंपरेत एकच. विंडोजवर जतन केलेली स्क्रिप्ट लिनक्सवर नेली की ते जादा चिन्ह पहिल्या ओळीतल्या नावाला चिकटते आणि यंत्र म्हणते, अशी फाइल नाही. फाइल तर डोळ्यांसमोर दिसते आहे! प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्याने अशा वेळी काय समजावे? आपलेच काही चुकले, असेच तो समजतो.

दुसरा प्रश्न, केव्हापर्यंत चालेल? स्क्रिप्ट बदलली नाही तरी तिच्या भोवतालचे जग बदलत असते. पायथन भाषेच्या दुसऱ्या आवृत्तीचा सांभाळ १ जानेवारी २०२० पासून थांबला. आमच्या फोल्डरमध्ये त्या आवृत्तीत लिहिलेल्या दोन स्क्रिप्टा आजही आहेत. एका जुन्या यंत्रावर त्या चालतात, म्हणून ते यंत्र टाकवत नाही. आणि ते यंत्र बंद पडले की काय करायचे, हे कुणी बोलत नाही. ‘चालते’ या शब्दाला काळ आणि स्थळ दोन्ही जोडल्याखेरीज अर्थ येत नाही.

या संदर्भात एक जुनी हकीकत सांगण्यासारखी आहे. अमेरिकेतील बेल लॅब्स या प्रयोगशाळेत १९७६ साली स्टुअर्ट फेल्डमन यांनी ‘मेक’ नावाचे साधन लिहिले. निमित्त क्षुल्लक होते. त्यांचे सहकारी स्टीव्ह जॉन्सन एके सकाळी संतापून त्यांच्या खोलीत आले. प्रोग्रॅममधली चूक दुरुस्त झालेली होती, परंतु त्या फायलीचे यंत्रासाठी पुन्हा भाषांतर करायचे राहून गेले होते. त्यामुळे बरोबर असलेल्या प्रोग्रॅममध्ये चूक शोधण्यात त्यांची सारी सकाळ वाया गेली होती. कोणती गोष्ट कशावर अवलंबून आहे हे एकदा लिहून ठेवावे आणि काय पुन्हा करायचे ते यंत्राने ठरवावे, ही मेकची कल्पना. स्क्रिप्टांच्या गोंधळावरचे ते पहिले मोठे औषध म्हणता येईल. या कामासाठी फेल्डमन यांना २००३ साली एसीएम या संगणकशास्त्रज्ञांच्या संस्थेचा सॉफ्टवेअर सिस्टिम पुरस्कार मिळाला.

पण मला सांगायचे आहे ते पुढचेच. मेकच्या फायलीत काही ओळींची सुरुवात ‘टॅब’ या चिन्हानेच व्हावी लागते. टॅबऐवजी आठ वेळा मोकळी जागा सोडली तर डोळ्यांना फरक कळत नाही, यंत्र मात्र काम नाकारते. ही रचना गैरसोयीची आहे हे फेल्डमन यांच्या ध्यानात लवकरच आले होते. मग त्यांनी ती बदलली का नाही? कारण तोवर काही आठवडे लोटले होते आणि मेक वापरणारी डझनभर माणसे झाली होती, बहुतेक त्यांचे मित्रच; त्यांची गैरसोय नको, म्हणून त्यांनी ते तसेच राहू दिले. हे त्यांनी स्वतःच पुढे सांगितलेले आहे. डझनभर मित्रांची त्या वेळची गैरसोय टळली, आणि त्यानंतर जवळजवळ पन्नास वर्षे जगभरचे नवशिके त्या टॅबला अडखळत आले. मेकचा आज प्रचलित असलेला ‘ग्नू’ अवतार तर चूक दाखवताना स्वतःच विचारतो, की आठ मोकळ्या जागांऐवजी तुम्हांला टॅब म्हणायचे होते काय?

आम्ही सहाच जण आहोत. ‘सहा माणसांच्या कामात एवढी शिस्त कशाला?’ असे विचारणाऱ्यांना मी म्हणेन, की सहाच आहोत म्हणूनच आत्ता. आज बदल करायचा तर सहा जणांना एका बाकावर बसवून सांगता येते. उद्या दुसऱ्या महाविद्यालयांनी ही साधने मागितली (आणि एका महाविद्यालयाकडून विचारणा झालीही आहे) तर ‘नवीन-चालवा’ची सातवी ओळ आपण कुणाकुणाला समजावत बसणार?

दुसरी हकीकत थोडी भयंकर आहे. ‘स्टीम’ हे खेळ वितरित करणारे सॉफ्टवेअर. त्याच्या लिनक्स आवृत्तीबरोबर येणाऱ्या एका स्क्रिप्टविषयी जानेवारी २०१५ मध्ये तक्रार आली. स्क्रिप्ट आधी आपला फोल्डर कुठे आहे ते शोधून त्याचे नाव एका ठिकाणी लिहून ठेवी आणि पुढे केव्हातरी ‘या नावाखाली असलेले सर्व काही पुसून टाक’ अशी आज्ञा देई. फोल्डर हलवला गेला होता. नाव मिळाले नाही. नावाची जागा रिकामी राहिली. रिकाम्या नावापुढे उरली नुसती तिरकी रेघ, आणि युनिक्समध्ये नुसत्या तिरक्या रेघेचा अर्थ होतो यंत्रावरचे सारेच. पुसण्याचा अधिकार जिथवर पोचत होता तिथवर त्या वापरकर्त्याच्या फायली गेल्या. जोडून ठेवलेल्या बाहेरच्या डिस्कवरच्या सुद्धा. मला सर्वांत बोचली ती एक बारीकशी गोष्ट. त्या पुसण्याच्या ओळीजवळ लिहिणाऱ्याने एक शब्दाचा शेरा मारून ठेवलेला होता; मराठीत सांगायचे तर, ‘भीतिदायक!’ म्हणजे धोका दिसला होता. नाव रिकामे असेल तर तिथेच थांब, असे सांगायला शेल या भाषेत चार-दोन चिन्हे पुरतात. ती घालायची राहिली आणि शेरा तेवढा राहिला. आमच्या प्रत काढण्याच्या स्क्रिप्टमध्येही जुन्या प्रती पुसणारी अशीच एक ओळ आहे आणि तिच्याशेजारी ‘जपून’ असे लिहिलेले आहे. कुणी जपायचे, आणि कसे?

एवढे वाचून एखादा उत्साही मित्र बाह्या सरसावून बसेल आणि एका रात्रीत १७ स्क्रिप्टांचा फडशा पाडून नव्या भाषेत सगळे नव्याने लिहून काढीन म्हणेल. त्यालाही माझा विरोध आहे. किंबहुना ‘हात लावू नका’ म्हणणाऱ्यांपेक्षा या मंडळींची मला अधिक धास्ती वाटते. का, ते मराठीच्याच उदाहरणाने सांगतो.

युनिकोड रूढ होण्यापूर्वी मराठी जुळणी ज्या फॉण्टांत होई त्यांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी अक्षरांचे तुकडे बसवलेले असत, आणि ते दिसण्याच्या क्रमाने टंकले जात. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी दिसते, म्हणून ती आधी; युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर साठवली जाते. ‘धर्म’मधला रफार तिथे ‘म’च्या नंतर येई, युनिकोडमध्ये ‘र’ उच्चाराप्रमाणे ‘म’च्या आधी. ही सगळी उलटापालट आमची ‘फायनल-खरे’ करते. तिच्यात एक ओळ अशी आहे, की वाचणाऱ्याला हसू यावे. ‘र्‍य’ दिसले तर त्या जागी ‘ऱ्य’ घाला! दोन्हींकडे तेच अक्षर. आमच्यातल्या एकाने ही ओळ निरर्थक म्हणून खोडायला घेतली. सुदैवाने गटाची रीत अशी, की खोडण्याआधी दुसऱ्याने पाहायचे. दुसऱ्याने शंका काढली आणि ती स्क्रिप्ट लिहिणाऱ्या माजी विद्यार्थ्याला फोन केला.

उलगडा असा झाला. दिसायला सारखे असले तरी हे अक्षर संगणकात दोन तऱ्हांनी साठवता येते. एका तऱ्हेत साधा ‘र’, हलन्त आणि त्यापुढे अक्षरे जोडून धरणारे एक अदृश्य चिन्ह. दुसऱ्या तऱ्हेत खाली नुक्ता असलेला ‘ऱ’ आणि हलन्त. ही ओळ पहिल्या तऱ्हेचे दुसऱ्या तऱ्हेत रूपांतर करते. ती नसेल तर ‘दऱ्या’ हा शब्द शोधताना अर्धे अंक सापडणारच नाहीत. आणि ते अदृश्य चिन्ह कचरा समजून कुणी काढून टाकलेच, तर सह्याद्रीच्या दऱ्यांचा दर्या होईल आणि आचाऱ्यास देण्याची बिदागी आचार्यास जाईल! व्याकरणाच्या तासाला ही जोडी आपण सारेच ऐकतो. ती एका स्क्रिप्टच्या ओळीत दबा धरून बसलेली असेल असे वाटले नव्हते.

त्या दिवशी ओळ राहिली. तिच्या माथ्यावर दोन ओळींचे मराठी टिपण आले, आणि ‘दऱ्या’ व ‘दर्या’ रूपांतरानंतरही वेगवेगळे राहतात ना, हे पाहणारी एक छोटी तपासणी लिहिली गेली. माझ्या मते साफसफाई म्हणतात ती ही. फाइल बहुतेक तेवढीच राहिली. एका माणसाच्या डोक्यातली गोष्ट मात्र कागदावर आली.

बाकीचे काम फार नाही. कुणी वापरत नाही हे नक्की झालेल्या स्क्रिप्टा काढून टाकाव्यात. ‘पुढेमागे लागल्या तर?’ ही भीती व्यर्थ आहे. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ साली लिहिलेली ‘गिट’ ही बदलांची नोंदवही आम्ही वापरतो आणि तिच्यातून काढलेली फाइल केव्हाही परत मिळते. उरलेल्यांना कामावरून नाव द्यावे. गिटहब या कंपनीने २०१५ साली आपला असा एक संकेत जाहीर केला होता: प्रकल्प कोणताही असो, मांडामांडीच्या, अद्ययावत करण्याच्या, तपासणीच्या स्क्रिप्टांची नावे सर्वत्र तीच, म्हणजे नव्या माणसाला विचारावे लागत नाही. आपण मराठी क्रियापदे घ्यावीत, असे माझे मत आहे. ‘मांड’, ‘बदल’, ‘तपास’, ‘बांध’, ‘जप’. रोमन लिपीत टंकली तरी कळतात. काहींना हे पोरकट वाटते. ‘फायनल-खरे’ हे नाव पोक्तपणाचे होते काय?

शेवटी एका नाजूक गोष्टीविषयी. स्नेहसंमेलन संपल्यावर खुर्च्या कोण उचलतो, याची नोंद कुठल्याही अहवालात नसते. आमच्याही प्रकल्पात तेच आहे. ज्याने शोधपान केले त्याचे नाव मागच्या वर्षी फलकावर लागले, आणि ते योग्यच झाले. पण जिने चार दिवस बसून ओळींच्या शेवटची ती अदृश्य चिन्हे आवरली आणि विंडोजवाल्यांची वाट मोकळी केली, तिचे नाव कुठेच आले नाही. उलट ‘तू या वर्षी नवीन काय केलेस?’ असे तिला विचारण्यात आले. प्राध्यापकवर्गाला माझी विनंती आहे, की प्रकल्पाचे गुण देताना नवे काय केले याबरोबर पुढच्याला काय सोपे करून ठेवले, हेही विचारावे. नुसत्या उपदेशाने कुणी केरसुणी हातात घेत नाही. गुणपत्रिकेत तिला जागा मिळाली तर घेतील.

परीक्षेपूर्वीचे दोन शनिवार या कामासाठी ठरले आहेत, दुपारी दोन ते पाच, संगणककक्षात. पहिल्या दिवशी १७ स्क्रिप्टांपुढे कोण वापरतो, कशासाठी आणि कशानंतर, एवढेच लिहायचे आहे. दुसऱ्या दिवशी प्रथम वर्षाच्या एका विद्यार्थ्याला कोऱ्या लॅपटॉपसह बसवायचे, आणि आपण कुणी तोंड उघडायचे नाही. तो कुठे अडतो तेवढे टिपून घ्यायचे. तीन स्क्रिप्टांचा धनी अजून सापडलेला नाही. त्यांची नावे कक्षाच्या दाराशी लावली आहेत. माजी विद्यार्थ्यांपैकी कुणाच्या वाचनात हा लेख आलाच, तर त्यांनी ग्रंथालयात निरोप ठेवावा.